वेष भाड्याचा, फोटो कोणाचा?
पात्रांच्या वेषातील फोटो, त्यांचे हक्क आणि त्यांचा खर्च : एक ग्राहक मार्गदर्शन

सणासुदीच्या दिवसांत मुंबईतल्या घोडपदेव नाक्यावर मान वर केली की फ्लेक्सवर कोणी ना कोणी वेषात दिसतेच. शिवजयंतीला जिजाऊ आणि मावळे, गणेशोत्सवात वेशभूषा स्पर्धेतले वासुदेव आणि झाशीची राणी, केकच्या दुकानाच्या उद्घाटनाला छोटा भीम. गिरणी आणि गोदी कामगारांच्या या वस्तीत आता चाळींच्या शेजारी न्यू हिंद मिलच्या जागेवरचे म्हाडाचे टॉवर उभे आहेत. मंडळे, बालवाड्या, क्लासेस, पार्लर या सगळ्यांनाच फोटो लागतात. वेष ड्रेसवाल्याकडून भाड्याने येतो, मूल शेजारच्या खोलीतले असते, फोटो ओळखीतला फोटोग्राफर काढतो आणि फ्लेक्स छापणारा चौथाच कोणी असतो.

प्रश्न सुरू होतात ते नंतर. पैसे आम्ही दिले, मग फोटो आमचा ना? आमच्या मुलीचा जिजाऊच्या वेषातला फोटो क्लासच्या जाहिरातीत कसा गेला? भीमाचा फोटो पत्रकावर छापला तर नोटीस येते का? यातली बहुतेक भांडणे फोटो काढण्याआधी लिहिलेल्या एका पानाने टळतात. त्या पानाचा खर्च शून्य ते पाचशे रुपये आहे. भांडण झाल्यावरचा खर्च मात्र वकिलाच्या फीपासून सुरू होतो.

पैसे दिले तर फोटो कोणाचा?

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती, आणि पहिला हक्क तिचाच. कलम १७ मध्ये याला ग्राहकाच्या कामाचा एक अपवाद आहे. मोबदला देऊन, सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. अट एकच : उलट काही ठरलेले नसावे.

हे घोडपदेवच्या व्यवहाराला लावून पाहू. मंडळाने फोटोग्राफरला दिवसाचे पैसे ठरवून बोलावले, तर फोटो मंडळाचे. शाळेने बोलावले, तर शाळेचे; पालकाने नंतर प्रिंट विकत घेतली तरी त्याच्या हाती येते ती प्रिंट, छापण्याचा हक्क येत नाही. कार्यकर्त्याने हौसेने स्वतःच्या मोबाइलवर फुकट काढलेले फोटो त्या कार्यकर्त्याचे, मग मंडपाचा खर्च कोणीही केलेला असो. स्टुडिओत पगारावर असलेल्या मुलाने काढलेल्या फोटोंत त्या मुलाच्या जागी त्याचा मालक येतो.

‘उलट काही ठरलेले नसावे’ या अटीसाठी फोटोग्राफरची पावती नीट वाचा. वर गणपतीचे चित्र, मध्ये ॲडव्हान्स आणि बाकी, आणि तळाशी बारीक अक्षरांत तीन-चार ओळी असतात : ॲडव्हान्स परत मिळणार नाही, अमुक दिवसांनंतर डेटाची जबाबदारी नाही, फोटो स्टुडिओच्या प्रसिद्धीसाठी वापरले जातील. ती शेवटची ओळ पटत नसेल तर त्याच्यासमोर काट मारून दोघांनी तिथेच सही करायची. हे करायला पैसे पडत नाहीत, फक्त भीड सोडावी लागते.

आणखी दोन गोष्टी इथेच ठरवून घ्या. पहिली, सॉफ्ट कॉपी. फोटोचा हक्क तुमचा असला तरी मोठ्या आकाराच्या मूळ फाइल्स किती, केव्हा आणि कशावर मिळणार हे कायदा सांगत नाही, ते पावतीवर लिहून घ्यावे लागते. दुसरी, नाव. मालकी तुमच्याकडे आली तरी कलम ५७ खाली कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार फोटोग्राफरकडेच राहतो, आणि त्याच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाल्यास तो आक्षेप घेऊ शकतो. फ्लेक्सच्या कोपऱ्यात त्याचे नाव छापायला शाईसुद्धा वेगळी लागत नाही. ते छापावे. तो त्याचा हक्क आहे.

वेषातल्या माणसाला काय मिळते?

ज्याचा फोटो निघाला त्याला केवळ तेवढ्याने कॉपीराइट मिळत नाही. म्हणून त्याला काहीच हक्क नाही असे समजणारे फसतात. खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा हक्क कॉपीराइटपेक्षा वेगळा आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो ठामपणे राखला आहे. एका मॉडेल-अभिनेत्रीने स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो ‘व्ही’ या तेलुगू चित्रपटात, देहविक्रय करणाऱ्या स्त्रीचा फोटो म्हणून, विनापरवानगी दाखवला गेला. २०२१ मध्ये न्यायालयाने तो फोटो काढून टाकेपर्यंत चित्रपट ॲमेझॉन प्राइमवरून उतरवायला लावला. इंटरनेटवर फोटो उघडा दिसतो म्हणून तो कोणीही कशासाठीही वापरावा, ही समजूत तिथे टिकली नाही.

२०२५ मध्ये याच न्यायालयासमोर एका ग्रामीण महिलेची याचिका आली. ओळखीच्या फोटोग्राफरने काढलेला तिचा फोटो छायाचित्रे विकणाऱ्या संकेतस्थळावर चढला आणि तिथून सरकारी जाहिरातींत पोहोचला, अशी तिची तक्रार. न्यायालयाने या प्रकाराची गंभीर दखल घेऊन संबंधितांना नोटिसा काढल्या. वेशभूषा स्पर्धेत नऊवारी नेसवून उभ्या केलेल्या मुलीच्या बाबतीत हेच घडायला वेळ लागत नाही. म्हणून संमतिपत्रात ‘फोटो विक्रीच्या संकेतस्थळावर टाकणार नाही’ ही ओळ हवीच.

मूल अठराच्या आतले असेल तर सही आई-वडिलांची किंवा पालकाची. अल्पवयीनाने केलेला करार कायद्याने ग्राह्य धरला जात नाही, आणि बाईंनी वर्गात हात वर करायला सांगून घेतलेली संमती ही संमतीच नव्हे.

बहुरूपी, वासुदेव, पोतराज यांची बाजू आणखी भक्कम आहे, निदान व्हिडिओपुरती. कायद्यातल्या ‘प्रयोगकर्त्यां’च्या व्याख्येत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार आणि गारुडीही नावानिशी आहेत, आणि प्रयोग सादर करणारी इतर कोणतीही व्यक्ती त्यात बसते. त्याच्या प्रयोगाचे हलते चित्रण करायला त्याची संमती लागते. स्थिर फोटोला हे कलम लागत नाही, रीलला लागते. दारात आलेल्या बहुरूप्याचे रील काढून त्यावर आपल्या दुकानाचे नाव टाकायचे असेल तर आधी विचारा, आणि दहाची नोट पुढे करून विषय मिटवू नका. त्याचे सोंग हीच त्याची कमाई आहे.

सर्वांत दुबळी बाजू छोट्या भीमाच्या आत उभ्या असलेल्या मुलाची. फोमचे ते डोके खांद्यांवर टेकलेले असते, घाम टिपायला आत टॉवेल कोंबलेला असतो, आणि समोरचे दिसते ते तोंडाच्या जाळीतून, दोन बोटांच्या फटीएवढे. मुले येतात, मिठी मारतात, फोटो काढतात, पण त्याचा चेहरा एकाही फोटोत येत नाही. त्यामुळे ‘माझा फोटो वापरला’ असे म्हणायलाही त्याच्याकडे पुरावा नसतो. त्याला आधार फक्त आधी ठरवलेल्या मजुरीचा. तास किती, दर अर्ध्या तासाने डोके उतरवून पाणी प्यायची सुट्टी आहे का, जाहिरातीचे चित्रीकरण त्याच पैशांत की वेगळे, हे दुकानदाराने त्याच्याशी थेट ठरवावे. मधल्या एजंटाला पैसे दिले की आपले काम संपले, असे मानणे अन्यायाचे आहे.

पात्र कोणाचे?

शिवाजी महाराज, जिजाऊ, राम, विठोबा, वासुदेव ही पात्रे कोणाच्या मालकीची नाहीत. त्यांच्या वेषातला फोटो छापायला पात्रासाठी कोणाची परवानगी लागत नाही. एखाद्या चित्रपटासाठी मुद्दाम रेखाटलेला विशिष्ट पोशाख, मुकुट आणि पोस्टर जसेच्या तसे उचलले तर मात्र त्या रेखाटनाचा प्रश्न येतो.

छोटा भीम हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचा, स्पायडरमॅन मार्व्हलचा. अशा पात्रांचे चित्र ही कायद्याने कलाकृती आहे, आणि सपाट चित्राची त्रिमितीय आकृती करणे किंवा त्रिमितीय आकृतीचे सपाट चित्र करणे, दोन्ही कलम १४ प्रमाणे कलाकृतीच्या नकलेत मोडतात. म्हणजे चित्रावरून फोमचा भीम बनवणारा आणि त्या भीमाचा फोटो काढून पत्रकावर छापणारा, दोघेही या कलमाच्या कक्षेत येऊ शकतात. चौकात कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो छापण्याची सूट कायद्यात आहे, पण तासाभरासाठी उभा केलेला भीम त्या सुटीत बसत नाही.

आपल्या न्यायालयांनी पात्रांचा विचार अनेकदा केला आहे. केरळ उच्च न्यायालयापुढे ‘बोबन आणि मोली’ या व्यंगचित्रातल्या जोडीचा वाद आला, तेव्हा पात्रांवरचा हक्क व्यंगचित्रकाराकडे राहिला. १९९७ मध्ये दिल्लीत ‘नागराज’ या कॉमिकच्या नायकाशी मिळताजुळता ‘नागेश’ रोखला गेला. २०१६ मध्ये ‘दबंग’मधल्या चुलबुल पांडेच्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की वेगळेपणाने उभे केलेले पात्र संरक्षणाला पात्र ठरू शकते.

घाबरून वाढदिवसच रद्द करायचे कारण नाही. खासगी वापराला कलम ५२ ची सूट आहे. मुलाने स्पायडरमॅन होऊन काढलेला फोटो घरच्या अल्बममध्ये लावणे, आजीला व्हॉट्सॲपवर पाठवणे यात काही वावगे नाही. चालू घडामोडींच्या वृत्तांकनालाही सूट आहे, म्हणून मुंबई कॉमिक कॉनमध्ये वेष करून आलेल्यांचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येतात. धोका सुरू होतो तो धंद्यापाशी : दुकानाचे पत्रक, क्लासची जाहिरात, टी-शर्ट, पैसे घेऊन केलेले रील, फोटोंची ऑनलाइन विक्री.

इथे ड्रेसवाल्याबद्दलचा गैरसमज दूर करायला हवा. त्याने भाडे घेतले म्हणजे पात्राची परवानगी मिळाली, असे होत नाही. पुस्तक विकत घेतल्याने ते छापायचा हक्क मिळत नाही, तसाच हा प्रकार. त्याला सरळ विचारा : हा पोशाख कंपनीच्या परवान्याचा आहे का? असेल तर परवान्याची प्रत दाखवा. नसेल तर तो पोशाख घरच्या समारंभापुरता घ्या, जाहिरातीसाठी नको. भाडे, अनामत, धुलाई, फाटल्यास कापायची रक्कम आणि परत करण्याची वेळ हे पाच आकडे पावतीवर लिहून घ्या.

दुकानासाठी पात्र हवेच असेल तर स्वतःचे घडवा. जे. जे. कला महाविद्यालयात शिकणारी मुले इथून लांब नाहीत. त्यांच्यापैकी कोणाकडून चित्र काढून घ्या, योग्य मोबदला द्या आणि हक्क लेखी घ्या. दर वर्षी भाड्याचा भीम आणण्यापेक्षा ते स्वस्त पडेल, आणि नोटिशीची धास्तीही राहणार नाही.

जुने फोटो

मंडळांच्या स्मरणिकांत जुन्या नटांचे वेषातले फोटो छापायची हौस असते, आणि त्यात बरेच काही मोकळे आहे. गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी लागलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधले तारामतीच्या वेषातले साळुंके आज कोणीही छापू शकतो. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो.

फोटोंसाठी व्यवहारातला नियम असा : १९५१ सालापर्यंत भारतात प्रसिद्ध झालेला फोटो आता मुक्त आहे. रुक्मिणी किंवा सिंधूच्या वेषातल्या बालगंधर्वांचे त्या काळी छापून आलेले फोटो यात येतात. पूर्वी फोटोची मुदत प्रसिद्धीपासून मोजत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती फोटोग्राफरच्या हयातीसह पुढे ६० वर्षे झाली. म्हणून नंतरचे फोटो आणि ट्रंकेतले कधीच न छापलेले फोटो विचारूनच वापरा. मुक्त फोटोची चांगली प्रत देण्यासाठी संग्रहालय किंवा संग्राहक शुल्क घेऊ शकतो. ते प्रतीचे शुल्क असते.

खर्चाचा तक्ता

• साध्या कागदावरचे संमतिपत्र : काही नाही.

• मुद्रांकावरचा साधा करार : ५०० रुपये. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या मुद्रांकाची जागा पाचशेने घेतली आहे.

• फोटोची कॉपीराइट नोंदणी : एका कलाकृतीला ५०० रुपये, मालावर किंवा सेवेसाठी वापरायची असल्यास २,००० रुपये, आणि तिथे ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध-दाखला वेगळ्या शुल्काने. अर्ज ऑनलाइन होतो. आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावे लागते. नोंदणी सक्तीची नाही. हक्क फोटो काढताक्षणी निर्माण होतो, नोंदणी पुराव्याला बळ देते.

• स्वतःच्या पात्राचा ट्रेडमार्क : व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००.

• स्वतः आखलेला पोशाख पन्नासहून जास्त नग विकायचा असेल तर डिझाइन नोंदणी : व्यक्तीला १,००० रुपये. ती न करता पन्नासच्या वर नग काढले तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट जातो.

• फोटोग्राफर जीएसटी नोंदणीकृत असेल तर बिलावर १८ टक्के. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्याला साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर तो जीएसटी लावू शकत नाही.

• फोटो उतरवण्याची तक्रार संकेतस्थळाकडे : काही नाही.

• पैसे घेऊन फोटो न देणाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार : ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

हे आकडे एकत्र कसे दिसतात? समजा, मंडळाच्या स्पर्धेत ४० मुले आहेत आणि फोटोग्राफरने दिवसाचे ६,००० रुपये सांगितले. तो नोंदणीकृत असल्यास जीएसटीचे १,०८० धरून ७,०८०. कराराचा मुद्रांक ५००. संमतिपत्राच्या ४० झेरॉक्स दोन रुपयांनी ८०. एकूण ७,६६०. यात कागदपत्रांचा वाटा ५८० रुपये, म्हणजे मुलामागे साडेचौदा. खजिनदाराने हा खर्च नाकारू नये.

कागदावर काय लिहायचे?

पालकाच्या संमतिपत्राला एवढे पुरते :

‘माझा मुलगा/माझी मुलगी … याचे/हिचे दिनांक … च्या वेशभूषा स्पर्धेतील फोटो मंडळाच्या स्मरणिकेत, फलकावर आणि मंडळाच्या समाजमाध्यम पानावर … वर्षांपर्यंत वापरण्यास संमती आहे. जाहिरातीसाठी, विक्रीसाठी किंवा तिसऱ्या व्यक्तीला देण्यासाठी संमती नाही. मी लेखी कळवल्यास ऑनलाइन फोटो सात दिवसांत काढावा. सही, नाव, तारीख.’

फोटोग्राफरशी किंवा चित्रकाराशी करार करताना कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती रकमेला, हे चारही लिहा. हक्क हस्तांतरित करताना काळ लिहिला नाही तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तोंडी हस्तांतराला किंमत नाही, लेखी आणि सही केलेलेच चालते.

तुमचा फोटो कोणी वापरला तर

आधी पुरावा : पानाचा स्क्रीनशॉट, पत्ता, तारीख आणि तुमच्याकडची मूळ फाइल. मग संकेतस्थळाला लेखी तक्रार. नियमाप्रमाणे त्याने ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो. २१ दिवसांत तुम्ही न्यायालयाचा आदेश दिला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो, म्हणून तेवढ्या दिवसांत पुढचे पाऊल ठरवा. दावा तुमच्या राहत्या जागेच्या न्यायालयात करता येतो, मुदत तीन वर्षांची. वकिलाची फी आधी लेखी विचारा : नोटिशीचे किती, दाव्याचे किती, तारखेचे किती. महिला, मुले, अनुसूचित जाती आणि जमाती यांना उत्पन्न न पाहता मोफत विधिसेवा मिळते. त्यासाठी हेल्पलाइन १५१०० आहे.

तुम्हालाच नोटीस आली तर

ती फेकू नका, आणि घाबरून लगेच पैसेही पाठवू नका. वादातला फोटो उतरवा आणि समोरच्याकडे मालकीचा पुरावा मागा. हक्काची कल्पना नव्हती आणि असण्याचे कारणही नव्हते हे तुम्ही सिद्ध केले, तर समोरच्याला मनाई हुकूम आणि तुमच्या नफ्याचा न्यायालय ठरवील तो भाग एवढेच मिळते. खोट्या धमकीविरुद्ध कलम ६० खाली तुम्हीही न्यायालयात जाऊ शकता. पण जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

येत्या उत्सवाच्या पहिल्या सभेत मंडळाच्या सेक्रेटरीने तीन कागद टेबलावर ठेवावेत : फोटोग्राफरचा करार, पालकांचे संमतिपत्र आणि ड्रेसवाल्याची पाच आकड्यांची पावती. वेष घालून उभ्या राहणाऱ्याला, मग ते पाच वर्षांचे मूल असो, बहुरूपी असो की फोमच्या डोक्यातला मजूर, आधी विचारले गेले पाहिजे आणि कामाचे पैसे मिळाले पाहिजेत. ही जबाबदारी फोटो वापरणाऱ्याची आहे.